जड इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनाची साक्ष

लोहचुंबक कोणास ठाऊक नाहीं? टांचणी त्याच्याजवळ नेली कीं ती चटकन् त्यास चिकटते, आणि होकायंत्राची सुई कितीही फिरविली तरी पुन्हां उत्तरेकडे तोंड करून उभी राहते. त्यामुळें चुंबकत्व हा बाहेरून सहज ओळखूं येणारा गुण आहे, अशी आपली स्वाभाविक समजूत झालेली असते. परंतु सृष्टींत असे कितीतरी पदार्थ आहेत कीं, ज्यांच्या अंतरंगांत एकेक परमाणु हा एक चिमुकला चुंबक असतो, आणि तरीही बाहेर त्याचा मागमूस लागत नाहीं. एका थरांतील परमाणूंनीं तोंड वर केलें तर शेजारच्या थरांतील परमाणु तें खालीं करतात. एकाचें बळ दुसरा पुसून टाकतो आणि एकंदर बेरीज शून्य येते. अशा पदार्थाला टांचणी चिकटणार नाहीं. मग हें झांकलेलें चुंबकत्व पाहावयाचें कसें? या प्रश्नाचें उत्तर न्यूट्रॉन नांवाच्या कणानें दिलें. त्या कणाची, आणि त्यानें एका विलक्षण पदार्थाविषयीं दिलेल्या साक्षीची हकीकत आज मी श्रोत्यांना सांगणार आहें. साक्ष खरी होती. परंतु तिचा अर्थ लागण्यास एक तप जावें लागलें, आणि मूळ खटल्याचा निकाल तर अद्यापि लागलेला नाहीं.

प्रथम हा पदार्थ ज्या कुळांतला आहे त्या कुळाची ओळख करून घेऊं. धातूंतून विजेचा प्रवाह वाहतो तो इलेक्ट्रॉनांमुळें. तांब्याच्या तारेंतील प्रत्येक परमाणु आपला एक इलेक्ट्रॉन जणूं सार्वजनिक मालकीचा करून टाकतो, आणि असे सोडून दिलेले असंख्य इलेक्ट्रॉन साऱ्या धातूंत मोकळेपणें हिंडत असतात. हे हिंडते इलेक्ट्रॉन किती जड असल्यासारखे वागतात हें अजमावण्याची एक युक्ति आहे. धातु अतिशय थंड करावा, आणि त्याचें उष्णतामान किंचित् वाढविण्यास किती उष्णता लागते तें मोजावें. इलेक्ट्रॉन जितका जड, तितकी ही उष्णता अधिक. १९७५ सालीं आंद्रेस, ग्रेब्नर आणि ऑट या तिघा शास्त्रज्ञांनीं सीरियम व अॅल्युमिनियम यांच्या एका संयुगावर हा प्रयोग केला, तेव्हां इलेक्ट्रॉनांच्या वांट्याची ही उष्णता तांब्याच्या सुमारें २,००० पट भरली! धातूंतील इलेक्ट्रॉन शेंकडों पट जड झाल्यासारखे वागत होते. इलेक्ट्रॉन ज्या वर्गांत मोडतात त्या वर्गाच्या कणांना, इटालियन शास्त्रज्ञ फर्मी यांच्या नांवावरून, फर्मिऑन म्हणतात; म्हणून अशा पदार्थांना पुढें ‘जड-फर्मिऑन’ पदार्थ हें नांव पडलें.

हा जडपणा येतो कोठून? इलेक्ट्रॉनाचें स्वतःचें वजन कांहीं वाढत नाहीं. एखादा परका मनुष्य बाजारपेठेंतून जावयास निघाला तर पांच मिनिटांत या टोंकाचा त्या टोंकाला जातो. परंतु ज्याची दुकानादुकानांत ओळख आहे असा गांवचा मनुष्य त्याच वाटेनें निघाला, तर पावलोपावलीं रामराम करीत, ख्यालीखुशाली विचारीत जातां जातां त्याचा तास मोडतो. त्याचें वजन तेंच, पाय तेच. फरक पडला तो ओळखींमुळें. सीरियम आणि युरेनियम या मूलद्रव्यांच्या परमाणूंत कांहीं इलेक्ट्रॉन असे असतात कीं, ते घर सोडून सहसा बाहेर पडत नाहींत, आणि त्यांच्यामुळें तो परमाणु चुंबक बनतो. उष्णतामान अधिक असतांना हे चुंबक आपापल्या जागीं स्वतंत्र असतात, आणि हिंडत्या इलेक्ट्रॉनांशीं त्यांचा संबंध वरवरचा असतो. पदार्थ थंड होत गेला म्हणजे हा संबंध दाट होतो. अशा धातूंतून जाणारा इलेक्ट्रॉन प्रत्येक परमाणुचुंबकाशीं गुंतत गुंततच पुढें सरकतो, आणि म्हणून जड भासतो.

आतां या परमाणुचुंबकांपुढें दोन मार्ग असतात. एक म्हणजे शेजाऱ्यांशीं संधान बांधून, एक वर एक खालीं अशी शिस्तीची रचना करणें. दुसरा म्हणजे हिंडत्या इलेक्ट्रॉनांच्या वेढ्यांत सांपडून आपलें चुंबकत्व जवळजवळ गमावून बसणें. जड-फर्मिऑन पदार्थांत या दोन प्रवृत्तींचें बळ इतकें तुल्य असतें कीं, थोड्याशा दाबानें अथवा यत्किंचित् भेसळीनें पारडें इकडचें तिकडे होतें. १९७९ सालीं जर्मनींत फ्रांक श्टेग्लिश व त्यांचे सहकारी यांना सीरियम, तांबें व सिलिकॉन यांच्या संयुगांत अतिवाहकता आढळली. अतिवाहकता म्हणजे विजेला होणारा विरोध समूळ नाहींसा होणें. तोंवर अशी समजूत होती कीं, चुंबकी परमाणूंची थोडीशी भेसळदेखील अतिवाहकतेचा घात करते. आणि येथें तर सीरियमचा प्रत्येक परमाणु मूळचा चुंबकी! तेव्हांपासून या पदार्थांतील चुंबकत्व बारकाईनें पाहण्याची निकड उत्पन्न झाली.

पदार्थाच्या अंतरंगांतील परमाणूंची मांडणी क्ष-किरणांनीं कळते हें पुष्कळ श्रोत्यांना माहीत असेल. स्फटिकावर क्ष-किरण टाकले म्हणजे ते ठराविक दिशांनींच परावृत्त होतात, आणि त्या दिशांवरून थरांमधील अंतर काढतां येतें. परंतु क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांच्या विद्युद्भारामुळें; परमाणूच्या चुंबकाचें तोंड वर आहे कीं खालीं, हें साध्या क्ष-किरणांना जवळजवळ दिसतच नाहीं. न्यूट्रॉनाची गोष्ट निराळी. १९३२ सालीं केंब्रिज येथें जेम्स चॅडविक यांनीं हा कण शोधून काढला. त्यावर विद्युद्भार मुळींच नाहीं. म्हणून तो धातूच्या ठोकळ्यांत खोलवर शिरूं शकतो. मात्र विद्युद्भार नसूनही तो स्वतः एक चुंबक आहे! त्याचें बळ इलेक्ट्रॉनाच्या चुंबकाच्या सुमारें एक हजारांश एवढेंच असतें. तथापि वाटेंत चुंबकी परमाणु भेटला तर न्यूट्रॉनाची दिशा पालटण्यास तेवढें पुरतें. ही गोष्ट फेलिक्स ब्लॉख यांनीं १९३६ सालींच दाखवून दिली होती.

प्रयोगासाठीं मात्र न्यूट्रॉनांचा भरघोस झरा हवा, आणि तो अणुभट्टीमुळें हातीं आला. भट्टींत युरेनियमचें केंद्र फुटतें आणि त्यांतून वेगवान् न्यूट्रॉन बाहेर पडतात. साध्या किंवा जड पाण्यांतून जातांना टकरा खाऊन त्यांचा वेग सेकंदाला सुमारें २,२०० मीटरपर्यंत उतरतो. प्रत्येक गतिमान् कणाला लाटेचें रूप असतें हा द ब्रॉग्ली यांचा सिद्धान्त १९२४ सालचा. त्याप्रमाणें हिशेब केला तर या मंद न्यूट्रॉनाची लाट जवळजवळ तितकीच लांब येते, जितकें स्फटिकांतील दोन परमाणूंमधील अंतर असतें. याहून सोयीचा योग कोणता? अमेरिकेंत ओक रिज येथें अर्नेस्ट वोलन आणि क्लिफर्ड शल यांनीं या कामाचा पाया घातला. १९४९ सालीं शल आणि स्मार्ट यांनीं मँगॅनीज ऑक्साइड हें संयुग थंड करून त्यावर न्यूट्रॉन सोडले, तों क्ष-किरणांना कधींही न दिसलेलीं नवीं शिखरें मोजणीच्या आलेखांत उभीं राहिलीं. एक थर वर आणि एक थर खालीं अशी रचना असली म्हणजे चुंबकाच्या दृष्टीनें तेंच चित्र पुन्हां येण्यास दुप्पट अंतर लागतें, आणि त्या दुपटीची खूण म्हणून हीं शिखरें उमटतात. फ्रान्सचे लुई नेएल यांनीं तर्कानें सांगितलेली रचना अशा रीतीनें प्रत्यक्ष दिसली.

शिखराची जागा चुंबकांची मांडणी सांगते, आणि त्याची उंची चुंबकांचें बळ सांगते. परंतु न्यूट्रॉनाजवळ आणखी एक विद्या आहे. पदार्थांतून जातांना तो कांहीं शक्ति देतो किंवा घेतो. परमाणुचुंबक निश्चल नसतात. वाऱ्यानें जोंधळ्याचें शेत हेलावावें तशा त्यांच्यांतून लाटा जात असतात. जातांना व येतांना न्यूट्रॉनाची शक्ति किती होती हें मोजलें कीं, या लाटांची चाल कळते. यासाठीं लागणारें यंत्र कॅनडांतील चॉक रिव्हर येथें बर्ट्रॅम ब्रॉकहाउस यांनीं १९५० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें. शल आणि ब्रॉकहाउस यांना १९९४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मुंबईकरांस अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, याच ब्रॉकहाउस यांच्यापाशीं पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार यांनीं काम केलें, आणि परत आल्यावर तुर्भे येथें न्यूट्रॉनांनीं पदार्थ तपासण्याची परंपरा रुजविली. तेथील ‘अप्सरा’ ही भट्टी १९५६ सालीं, आणि ‘ध्रुव’ ही १९८५ सालीं चालू झाली.

आतां आपल्या खटल्याकडे वळूं. त्याच १९८५ सालाच्या सुमारास हॉलंड, जर्मनी आणि अमेरिका येथील शास्त्रज्ञांचें लक्ष एका नव्या संयुगाकडे वेधलें. त्यांत युरेनियमच्या एका परमाणूमागें रुथेनियमचे दोन आणि सिलिकॉनचे दोन परमाणु असतात. हा जड-फर्मिऑन पदार्थ. इलेक्ट्रॉनांच्या वांट्याची उष्णता थंडींत तांब्याच्या सुमारें २५० पट. निरपेक्ष शून्य म्हणजे बर्फाच्या खालीं सुमारें २७३ अंश. त्या शून्याच्या वर १७.५ अंशांवर हा पदार्थ आला कीं, त्याच्या उष्णतेच्या आलेखांत एकाएकीं मोठी उडी दिसते. पाणी गोठून बर्फ होतांना त्याच्या रेणूंना शिस्त लागते. तशीच या १७.५ अंशांवर पदार्थाच्या आंत कसली तरी मोठी शिस्त लागत असली पाहिजे, हें त्या उडीवरून उघड होतें. आणखी थंड करून दीड अंशाच्या आसपास आणलें कीं, तो अतिवाहकही होतो. प्रश्न एवढाच कीं, १७.५ अंशांवर जी शिस्त लागते ती कशाची?

सर्वांचा पहिला तर्क अर्थातच चुंबकी शिस्तीचा होता. कॉलिन ब्रोहोल्म व त्यांचे सहकारी यांनीं न्यूट्रॉनांना साक्षीस बोलाविलें, आणि १९८७ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. न्यूट्रॉनांनीं सांगितलें, होय. एक थर वर, एक थर खालीं अशी रचना येथें आहे. परंतु परमाणुचुंबकाचें बळ निघालें अवघें ०.०३ बोर मॅग्नेटॉन. हें माप असें समजावें कीं, एका इलेक्ट्रॉनाचें अंगचें चुंबकत्व सुमारें एक बोर मॅग्नेटॉन असतें. लोखंडांत दर परमाणूमागें तें २.२ असतें, आणि या संयुगांतील युरेनियम नेहमींच्या उष्णतामानाला ३.५ च्या आसपास बळ असल्यासारखा वागतो. त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढीही ही शिस्त नव्हती. एवढ्याशा चुंबकत्वानें उष्णतेची एवढी मोठी उडी पडेल कशी? ढोल वाजल्यासारखा आवाज यावा आणि आंत पाहावें तों टिचकी वाजविणारें एक बोट दिसावें, तसा हा प्रकार झाला.

यावर दोन पक्ष पडले. कांहींनीं म्हटलें, हें क्षीण चुंबकत्व हेंच त्या शिस्तीचें खरें रूप आहे. आपल्याला त्याचें गणित साधत नाहीं एवढेंच. दुसरे म्हणाले, खरी शिस्त निराळीच आहे. न्यूट्रॉनाला ती दिसत नाहीं. या अज्ञात शिस्तीला ‘गुप्त शिस्त’ असें नांव मिळालें. अनेक विद्वानांनीं आपापल्या उपपत्ति मांडल्या, आणि त्या प्रत्येकींत ०.०३ या आंकड्याची कांहीं तरी संगति लावावी लागे.

दरम्यान एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येत होती. हा आंकडा स्थिर नव्हता. एका स्फटिकांत तो थोडा अधिक, दुसऱ्यांत थोडा कमी; स्फटिक तापवून सावकाश निवविला तर आणखी निराळा. उष्णतेची उडी मात्र बहुतेक सर्वत्र तीच. जी गोष्ट मूळ कारण म्हणावयाची, ती स्फटिकागणिक बदलते आणि परिणाम बदलत नाहीं, हें तर्काला पटण्यासारखें नव्हतें.

खुलासा झाला तो दाबामुळें. १९९९ सालीं जपानचे हिरोशी आमित्सुका व त्यांचे सहकारी यांनीं हा स्फटिक दाबाखालीं धरून त्यावर न्यूट्रॉन सोडले. वातावरणाच्या सुमारें १०,००० पट दाब दिला असतां चुंबकत्वाचा आंकडा ०.०१७ पासून ०.२५ पर्यंत चढला. पण हा चढाव कशाचा? येथें न्यूट्रॉनाच्या साक्षीची मर्यादा ध्यानांत घेतली पाहिजे. एखाद्या गांवाचा एकंदर सारा तेवढा आपल्याला कळला आहे असें समजा. तेवढ्यावरून प्रत्येक घरानें थोडा थोडा भरला, कीं एकट्या सावकारानें सगळा भरला, हें सांगतां येणार नाहीं. शिखराच्या उंचीचेंही तसेंच आहे. साऱ्या स्फटिकांत क्षीण चुंबक असोत, किंवा स्फटिकाच्या एखाद्या लहानशा भागांत बळकट चुंबक असून बाकीचा भाग निखालस कोरा असो, न्यूट्रॉनाचें शिखर तितकेंच उंच येऊं शकतें.

हा भेद करण्यास दुसरा साक्षीदार हवा होता. सिलिकॉनच्या परमाणूंतील एका विशिष्ट जातीचें केंद्र स्वतःच चुंबकी असून, आपल्या अगदीं शेजारीं चुंबकत्व आहे कीं नाहीं हें तें सांगूं शकतें. २००१ सालीं जपानी संशोधकांनीं या केंद्रांचे संकेत दाबाखालीं टिपले. सर्व केंद्रांनीं ‘थोडें थोडें चुंबकत्व आहे’ असें म्हटलें नाहीं. कांहीं म्हणालीं, ‘येथें भरपूर आहे’. उरलेलीं म्हणालीं, ‘येथें मुळींच नाहीं’. दाब वाढविला तसतशी पहिल्या प्रकारच्या केंद्रांची संख्या वाढत गेली. त्यांच्या ठिकाणचें बळ जवळजवळ तेंच राहिलें. म्हणजे वाढत होता तो चुंबकी प्रदेशाचा विस्तार.

हा हिशेब श्रोत्यांनाही करतां येईल. शिखराची उंची चुंबकाच्या बळाच्या वर्गाप्रमाणें वाढते. पुढील प्रयोगांनीं असें ठरलें कीं, वातावरणाच्या सुमारें ५,००० पट दाबाच्या वर सारा स्फटिक चुंबकी होतो आणि तेव्हां बळ ०.४ बोर मॅग्नेटॉन असतें. ०.०३ ला ०.४ नें भागून त्याचा वर्ग केला तर सुमारें ०.००५६ येतात. म्हणजे दाब नसतांना स्फटिकाच्या दर हजार भागांपैकीं पांच-सहा भागांत जरी हें बळकट चुंबकत्व असलें, तरी १९८७ सालचें शिखर तेवढ्यानें पुरें होतें. हे पांच-सहा भाग येतात कोठून? स्फटिक घडतांना त्यांत कोठें ताण राहतो, कोठें मांडणी थोडी चुकते. अशा ठिकाणीं स्थानिक दाब उत्पन्न होऊन तेवढा भाग चुंबकी बनतो. स्फटिकागणिक आंकडा कां बदलत होता, याचाही उलगडा त्याबरोबर झाला.

तर मग न्यूट्रॉनाची साक्ष फुकट गेली काय? मुळींच नाहीं. त्याची दुसरी विद्या, म्हणजे लाटा मोजण्याची, येथें कामास आली. २००७ सालीं ख्रिस्तोफर वीबे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, १७.५ अंशांच्या वर या पदार्थाच्या हिंडत्या इलेक्ट्रॉनांत चुंबकी लाटांची मोठी खळबळ असते. पदार्थ त्या उष्णतामानाच्या खालीं गेला कीं मंद लाटा नाहींशा होतात. एका ठराविक शक्तीहून कमी शक्तीची लाट उठूंच शकत नाहीं. या खळबळीला असा बांध पडल्यामुळें पदार्थांतील जी अव्यवस्था कमी होते, तिचा हिशेब उष्णतेच्या उडीशीं जुळतो. ढोलाचा आवाज कोठून येत होता, तें अशा रीतीनें न्यूट्रॉनानेंच सांगितलें. मात्र हा बांध कोणत्या शिस्तीनें घातला, तिचें नांव काय, याबद्दल शोध लागून चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं तरी शास्त्रज्ञांचें एकमत झालेलें नाहीं. गुप्त शिस्त अद्यापि गुप्तच आहे.

एका अपरिचित संयुगासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर असें. इलेक्ट्रॉन एकमेकांशीं आणि परमाणूंशीं दाट गुंतले म्हणजे पदार्थ कसा वागतो, हा आजच्या पदार्थविज्ञानांतील अत्यंत अवघड प्रश्नांपैकीं एक आहे. अतिवाहकतेच्या कित्येक प्रकारांचें मूळ याच गुंत्यांत असावें असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. जड-फर्मिऑन पदार्थांत हा गुंता अगदीं टोंकाला गेलेला असल्यानें तो तेथें अधिक ठळक दिसतो. आणि त्याचें चुंबकी अंग पाहण्यास न्यूट्रॉनासारखें साधन विरळाच.

आणि या हकीकतींत सामान्य व्यवहारासही उपयोगी पडेल असें कांहीं आहे. १९८७ सालचा आंकडा चुकीचा नव्हता. मोजणी काळजीपूर्वक झाली होती, आणि तिनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर चोख दिलें होतें. प्रश्न होता, एकंदर चुंबकत्व किती? त्याचें उत्तर ऐकून पुष्कळांनीं मनांतल्या मनांत तें सर्व परमाणूंना सारखें वांटून दिलें; ही वांटणी न्यूट्रॉनानें केलेली नव्हती. सरासरीचा आंकडा हातीं आला म्हणजे त्याच्यामागें सर्वत्र सारखी स्थिति असेल असें धरून चालण्याचा मोह पिकाच्या आणेवारींत काय, किंवा लोकांच्या उत्पन्नाच्या कोष्टकांत काय, सर्वांनाच होतो. अशा वेळीं आंकड्याबद्दल संशय घेण्याचें कारण नसतें. दुसरा साक्षीदार बोलावून, ‘किती’ याबरोबर ‘कोठें’ हेंही विचारून घ्यावें, म्हणजे झालें.